समास आखून होतो, पुढे वही हलत नाही

उद्याबघू:
दहावीत आहे. मार्च २०२० पासून शाळा म्हणजे फोन. आधी मी असा नव्हतो. वर्गात गृहपाठ दाखवावा लागायचा, त्या धाकाने तरी व्हायचा. आता कॅमेरा बंद, माइक बंद, हजेरीला 'येस मॅडम' म्हटलं की पुन्हा पांघरुणात.

सध्या चौदा असाइनमेंट बाकी आहेत. फिजिक्सची वही रोज उघडतो. पट्टी घेऊन समास आखतो, तारीख घालतो. मग प्रश्न बघायला फोन हातात घ्यावा लागतो, कारण प्रश्न फोनवरच आलेत, आणि तिथेच सगळं बोंबलतं. त्या पानावर आता तीन तारखा आहेत, दोन खोडलेल्या. बरं, मजा येते म्हणून टाळतो असंही नाही. व्हिडिओ बघतानाही पोटात गोळा असतोच. आई म्हणते, आळशी झालायस. खरंच तेवढंच आहे का?

रात्रपाळी:
आळशी माणूस निवांत झोपतो रे, पोटात गोळा घेऊन बसत नाही. सिरॉइस आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच मांडलंय, की चालढकल हा वेळापत्रकापेक्षा मूड सांभाळण्याचा मामला आहे. काम बघून जीव घाबरतो, बाजूला सारलं की घटकाभर बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी तेच काम दुप्पट मोठं दिसतं. मी बारावीत, माझ्या बावीस बाकी आहेत, त्यामुळे सल्ला द्यायचा मला अधिकार नाही. तरी प्रश्न आधी कागदावर उतरवून घे आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

खडूफळा:
मी शिकवते, म्हणून पलीकडची बाजू सांगते. रात्री ११:५९ची मुदत दिली की ११:५० नंतर फोटोंचा पाऊस. निम्म्या फोटोंत वहीपेक्षा चादरच जास्त! पण यात चूक आमचीही आहे. वर्गात घंटा होती, शेजारचा लिहितोय हे दिसायचं. ते सगळं गेलं आणि 'महिनाअखेरीस सगळं द्या' एवढंच उरलं. एरिअली आणि वर्टनब्रोख यांच्या २००२च्या प्रयोगात एका वर्गाला तीन पेपरांच्या मुदती स्वतः ठरवू दिल्या होत्या, दुसऱ्याला सारख्या अंतराने आखून दिल्या. गुण दुसऱ्या वर्गाला जास्त. ते वाचल्यापासून मी आठवड्याला एकच काम मागते. तुझ्या मॅडमना सरळ लिही, 'चौदा बाकी आहेत, आधी कोणती देऊ?' खात नाही आम्ही कोणाला.

उद्याबघू:
चार दिवस तो मेसेज टाइप करून खोडत होतो (इथेही तेच!). काल पाठवला. मॅडमनी पाच सोडून दिल्या, उरलेल्या आठवड्याला दोन. रात्रपाळी, प्रश्न पाठकोऱ्या कागदावर उतरवले, फोन आईच्या उशाशी. भूगोलाची आज गेली. समास आखलाच नाही.