‘एक सेड मारा, कचरा साफ’ म्हणणाऱ्यांना

निपाणीकर:
काल इथं कुणीतरी ठोकून दिलं, की एक्सपेक्टनं (आपल्या जागी टाइप करणारा प्रोग्राम) वाचनालयाच्या कॅटलॉगात टेलनेट करा (म्हणजे दुसऱ्या संगणकात अक्षरी पडद्यानं शिरा), लॉग सेडमधनं (मजकूर शोधून बदलणारा प्रोग्राम) काढा, एस्केप कोड (पडद्याला दिलेले छुपे हुकूम) उडवा, झालं. काय झालं? हे जुने कॅटलॉग १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलला धरून पडदा रंगवतात. आधी तळाचा मेनू, मग वरचा कॉल नंबर (पुस्तकाची कपाटातली जागा), मग मधलं शीर्षक, कर्सर वाट्टेल तिथं उडतो. मजकूर कुठं बसायचा हे ते कोडच सांगतात. ते काढलेत की लेखक, शीर्षक, कॉल नंबर सगळं एकाला एक चिकटतं. पायटीसारखा एम्युलेटर, म्हणजे तो जुना पडदा हुबेहूब वठवणारा प्रोग्राम घ्या, पडदा पुरता रंगू द्या, मग ओळी वाचा.

खानापूरवाला:
एवढं रामायण कशाला? टर्म डंब ठेवायचं, म्हणजे ‘माझा पडदा साधा, कोड नकोत’ असं सर्व्हरला सांगायचं. माझं सेडवर मस्त चाललंय.

निपाणीकर:
सर्व्हरनं मानलं तर ना! आमचा शिरतानाच टर्मिनल विचारतो, त्या यादीत डंब नाहीच.

टिळकवाडी:
खानापूरवाले, तुमच्याकडं मराठी पुस्तकं नसतील. एस्केप कोड सुरू करणाऱ्या १बी बाइटसोबत तसाच ९बी पण पकडून ‘पुढचं इंग्रजी अक्षर येईपर्यंत खा’ असा पॅटर्न बाइटवर चालवून बघा की. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) मध्ये ‘छ’ म्हणजे ई०, ए४, ९बी. आमच्याकडं ‘छत्रपती’नं सुरू होणारी शीर्षकं आयएसबीएनच्या ‘आय’सकट गिळली. उरलं एक तुटकं चिन्ह आणि ‘एसबीएन’.

खानापूरवाला:
मग नोंदी रोमनमध्ये करा. कटकट नाही.

टिळकवाडी:
का म्हणून? वडील छंदशास्त्रावरचं पुस्तक शोधत होते. नोंद करणाऱ्यानं ‘छ’ला एकच एच लावलेला. पुस्तक कपाटात, कॅटलॉगात नाही! मार्क या नोंदींच्या ठरलेल्या साच्यात मूळ लिपीसाठी ८८० फील्ड आहे, ते भरायला हात दुखतात. आधीच बेळगावच्या पाट्यांवरनं मराठी उतरतेय, आता कॅटलॉगातनं पण उतरवा!

शहापूर पेठ:
पाट्या इथं आणू नका हो. कन्नड ‘छ’ पण ९बी वरच संपतो: ई०, बी२, ९बी. माझ्या कन्नड नोंदी अशाच गेल्या. कुणाला सांगू?

खानापूरवाला:
वा! इतक्या वर्षांत कुठल्या सरकारला जमलं नाही, ते एका बाइटनं केलं. दोन्ही भाषांना समान वागणूक! बरं बाबा, काढतो ९बी. पायटी-बियटी मात्र घालणार नाही.

निपाणीकर:
आणि कॉल नंबर शीर्षकाला चिकटतो त्याचं काय?

शहापूर पेठ:
मुळात पडदा वाचताच कशाला? झेड३९.५० (कॅटलॉगाशी थेट बोलायचा प्रोटोकॉल) वापरा, पोर्ट २१०, थेट मार्क रेकॉर्ड येतं.

निपाणीकर:
आमच्याकडं ते चालू असतं तर मी टेलनेटच्या वाटेला गेलो असतो होय?