पदकाचा डाय आणि तिकिटाचा डाय: फरक कुठे?

नाशिकरोडकर: ब्रिटिश खोदकाम-कलावंत विल्यम वायनने घडवलेल्या १८३७ च्या पदकावरून १८४० च्या पेनी ब्लॅक या जगातल्या पहिल्या टपाल तिकिटावरची व्हिक्टोरिया राणी आली. मग पदक आणि तिकीट यांच्या डायचं, म्हणजे पोलादी साच्याचं, खोदकाम एकच असतं का? आणि आपल्या नाशिकरोडच्या तिकीट छापणाऱ्या प्रेसची जुनी तिकिटंही कोरीव असतात का?

खोदणी: वायनने पदकच घडवलं. हेन्री कॉर्बोल्डने त्यावरून चित्र काढलं आणि तिकिटाचा डाय चार्ल्स व फ्रेडरिक हीथ या बापलेकांनी कोरला. दोन्ही कामं पोलादातली, पण विचार उलटा. पदकाच्या डायमध्ये गाल खड्डा म्हणून खणायचा. ठोकल्यावर तो वर येतो आणि सावली उजेडच पाडतो. उठाव फार ठेवला की धातू तळाशी पोचत नाही, मग पदक तापवून मऊ करत पुन्हा पुन्हा ठोकावं लागतं.

तिकिटावर उंची नाहीच. सावली फक्त रेघांची: खोल रेघेत शाई जास्त, म्हणून गडद. रेघा फार जवळ आल्या की मधली भिंत ढासळते आणि तिथे डाग छापतो. चूक झाली तर तेवढा भाग खरवडायचा, मागून ठोकून वर आणायचा, घासून पुन्हा कोरायचा. म्हणूनच हे काम इतकं सावकाश चालतं.

डाय मऊ पोलादात उलटा कोरतात, मग पाणी देऊन, म्हणजे तापवून झटकन गार करून, कडक करतात. त्यावर मऊ पोलादी रूळ दाबून फिरवला की सुलटं, उठावाचं चित्र मिळतं. पेनी ब्लॅकसाठी रूळही कडक करून छपाईच्या प्लेटवर २४० वेळा उतरवायचा, १२ च्या २० ओळी. कोपऱ्यातली अक्षरं मात्र प्लेटवर एकेक हातानं ठोकलेली. पहिली प्लेट पाणी न देताच वापरली आणि लवकर झिजली. दुरुस्त करून मग कडक केली.

भिंगवाला: नाशिकचं उत्तर: बहुतेक नाही. १९२६ ची पंचम जॉर्ज तिकिटं उठावाच्या ठशांनी छापलेली, १९३१ ची नवी दिल्ली मालिका लिथोची (सपाट पृष्ठावरून छपाई), १९५२ ची संत-कवी मालिका फोटोग्राव्ह्यूरची (बारीक खड्ड्यांच्या जाळीतून छपाई). दहापट भिंगातून बघा. अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसल्या तर फोटोग्राव्ह्यूर. रेघेच्या कडेला शाई दाटलेली आणि मागे दाब उमटलेला, तर ठसा. कोरीव तिकीट तिरप्या उजेडात धरलं की शाईच्या रेघा उभ्या दिसतात. बोटानं चाचपू नका, कोऱ्या तिकिटाला घाम लागतो.

नाशिकरोडकर: वायनचं काम नाण्यावर बघता येईल?

खोदणी: १८४० चा व्हिक्टोरिया रुपया बघा. बऱ्याच नाण्यांवर मानेच्या कापाशी ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ ही त्याची आद्याक्षरं सापडतात. झिजलेल्या रुपयात ती पुसली गेलेली असू शकतात, त्यामुळे घेताना मान नीट तपासा.