.३०-०६ साठी पावडर कोणती आणि चार्ज कसा ठरवायचा? (एल्क, कोलोरॅडो) सल्ला हवा

डेन्व्हरकर
नमस्कार मंडळी. कोलोरॅडोत नोव्हेंबरच्या रायफल सीझनचा एल्क टॅग (एका एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना) मिळाला आहे. काडतुसं घरीच भरायची आहेत. रायफल बोल्ट ॲक्शन, .३०-०६ स्प्रिंगफील्ड, नळी २२ इंच, ट्विस्ट १० इंचाला एक. ३०० यार्डांपुढे गोळी झाडायची नाही हे नक्की. १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळी-पावडरच्या वजनाचं एकक) नॉस्लर पार्टिशन आणि १६८ ग्रेनची बार्न्स टीटीएसएक्स, दोन्ही गोळ्या आणून ठेवल्या आहेत. सिंगल स्टेज प्रेस, डाय, कॅलिपर, काटा, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) आहे. .२२३ भरायची सवय आहे, .३०-०६ पहिल्यांदाच.
पावडर कोणती घेऊ? एच४३५० दुकानात दिसतच नाही, आयएमआर ४३५० मिळते. दोन्ही एकच ना? आणि चार्ज (एका काडतुसातली पावडर) कुठून सुरू करून किती किती वाढवायचा? एकदम आकडाच सांगितलात तरी चालेल.

पश्चिमउतार
एकच नाहीत. एच४३५०, आयएमआर ४३५० आणि ॲक्युरेट ४३५० या तीन वेगळ्या पावडरी आहेत, नावातला आकडा तेवढा सारखा. एकीचा तक्ता बघून दुसरी भरायची नाही. ४८३१ चंही तसंच, एच४८३१ आणि आयएमआर ४८३१ यांची जळण्याची गती वेगळी.

.३०-०६ मध्ये १६५ ते १८० ग्रेनच्या गोळीला ४३५० च्या आसपासची गती उत्तम बसते. केस (काडतुसाचं पितळी कवच) जवळजवळ भरते, त्यामुळे पावडर आत इकडेतिकडे होत नाही आणि वेग स्थिर राहतो. व्हार्गेट किंवा ४०६४ चालतात, पण १५० ग्रेनला जास्त शोभतात. १८० ला त्यांचा दाब आधी मर्यादेला जातो आणि वेग मागे राहतो.

माझी पसंती या क्रमाने:
एच४३५०, मिळाली तर. ऑस्ट्रेलियात बनते, तापमानाचा परिणाम कमी.
एच४८३१एससी. थोडी संथ, १८० ला छान. एससी म्हणजे दाणे आखूड कापलेले, म्हणून मापातून (पावडर मोजून पाडणाऱ्या यंत्रातून) नीट पडते. तक्त्यातल्या वरच्या चार्जला पावडर गोळीखाली दाबली जाते. तिथे चार्जपुढे सी लिहिलेला असतो, घाबरू नका.
विंचेस्टर स्टाबॉल ६.५. गोल दाण्याची, मापातून पाण्यासारखी पडते आणि जुन्या बॉल पावडरींपेक्षा थंडी-उन्हाला बरीच स्थिर.
आयएमआर ४३५०. उत्तम पावडर, पण तापमानाला जास्त हलते. तिच्यासाठी एकच पथ्य: चार्ज उन्हाळ्यात ठरवा आणि थंडीत तपासा. जुलैच्या उन्हात सुरक्षित असलेला चार्ज नोव्हेंबरात थोडा मंद होईल, एल्कला फरक पडत नाही. थंडीत टोकाला नेलेला चार्ज उन्हात झाडला की बोल्ट अडकतो.
दुकानात आयएमआर असेल तर तीच घ्या, एच४३५० ची वाट बघत बसू नका. मात्र एकाच लॉटचे दोन पौंड घ्या. पौंडात ७००० ग्रेन, एका काडतुसाला ५५ च्या आसपास धरले तर पौंडाला सव्वाशे काडतुसं होतात. त्यातली निम्मी चाचणीतच जातील.

मोजमाप
चार्जचा आकडा इथे कोणी देऊ नये आणि दिला तरी तुम्ही घेऊ नये. हॉजडनच्या डेटा सेंटरवर हॉजडन, आयएमआर आणि विंचेस्टर तिन्हींचा तक्ता फुकट आहे. दुसरा आधार म्हणून गोळी बनवणाऱ्या कंपनीचं पुस्तक घ्या. दोघांचे सुरुवातीचे चार्ज बघून जो कमी असेल तिथून चढा. फक्त कमाल दिलेला असेल तर त्याच्या १० टक्के खालून. पार्टिशनचा तक्ता टीटीएसएक्सला लावू नका. तांब्याची गोळी त्याच वजनाला लांब असते, केसमध्ये जास्त जागा खाते.

माझा क्रम असा.

केसेस एकाच शिक्क्याच्या घ्या. मिलिटरी पितळ जाड असतं, आतली जागा कमी, त्यात तोच चार्ज जास्त दाब देतो. वंगण लावून फुल लेंग्थ साइझ करा (अख्खी केस डायमध्ये दाबून मापाला आणा), पण डाय इतकाच फिरवा की खांदा (केस मानेकडे निमुळती होते तो भाग) तुमच्या रायफलीत झाडलेल्या केसपेक्षा २ हजारांश इंच मागे जाईल. डाय शेलहोल्डरला टेकवून वर पाव फेरा ही डब्यातल्या कागदावरची सूचना पाळली तर खांदा जास्त मागे जाऊ शकतो आणि चार-पाच वेळा भरल्यावर बुडाच्या वर केस चिरते. वंगण कमी पडलं तर केस डायमध्ये अडकते, खांद्यावर जास्त झालं तर खड्डे पडतात.

लांबीची कमाल मर्यादा २.४९४ इंच, छाटताना २.४८४ वर आणा. मान लांब राहिली तर ती चेंबरच्या टोकाला दाबली जाते, गोळी सुटायला अडते आणि दाब एकदम चढतो. कारण कळत नाही, माणूस पावडरीला दोष देतो.

प्रायमर (पावडर पेटवणारी केसच्या बुडातली टोपी) साधा लार्ज रायफल, सीसीआय २०० किंवा फेडरल २१०. तक्त्यात जो असेल तोच आधी. तो बुडाच्या पातळीखाली ३ ते ५ हजारांश इंच बसला पाहिजे, बोटाने चाचपून बघा.

एकूण लांबीची मर्यादा ३.३४० इंच, पण तुमच्या मॅगझिनमध्ये काय मावतं ते आधी मोजा. पार्टिशन नळीतल्या रायफलिंगच्या खाचांपासून २० ते ३० हजारांश मागे ठेवून सुरुवात करा. बार्न्सला जास्त उडी (खाचांपर्यंतचं अंतर) आवडते, ५० हजारांशापासून सुरू करा. शिकारीच्या काडतुसात गोळी खाचांना टेकवायची नाही. भरलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी नळीतच राहिली तर पावडर सगळी ॲक्शनमध्ये सांडते आणि शिकार तिथेच संपते.

आता चढण. सुरुवातीपासून अर्ध्या अर्ध्या ग्रेनने, प्रत्येक टप्प्याचं एकच काडतूस, प्रत्येकाचा वेग लिहून. शेवटच्या दीड ग्रेनमध्ये पाऊल ०.३ चं. हे टप्पे गटासाठी (गोळ्या लक्ष्यावर किती जवळजवळ बसतात ते बघायला) नाहीत, फक्त दाब आणि वेग बघायला. नंतर त्यातले दोन चार्ज निवडा आणि प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या झाडा, नळी थंड होऊ देत. तीन गोळ्यांचा गट बघून "हा चार्ज जुळला" म्हणणं म्हणजे नाणं तीनदा उडवून निकाल लावणं. स्टँडर्ड डेव्हिएशनचंही (वेगातल्या चढउताराच्या आकड्याचंही) तेच, तीन गोळ्यांवर आलेला ६ चा आकडा दहा गोळ्यांवर सहज १५ होतो. लोक ०.२ ग्रेनच्या पायऱ्यांत "जुळणारा" चार्ज शोधत दोनशे प्रायमर घालवतात. एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच; ३०० यार्डांवर दीड एमओए म्हणजे साधारण साडेचार इंच, एल्कच्या छातीचं लक्ष्य त्याच्या दुप्पट तरी असतं. दहा गोळ्या दीड एमओएत बसल्या की थांबा. नाही बसल्या तर चार्ज न हलवता गोळी १०-१० हजारांश आणखी आत बसवून बघा.

डेन्व्हरकर
फार उपयोगी, धन्यवाद. दाब जास्त झाल्याचं नक्की लक्षण कोणतं धरायचं? प्रायमर चपटा झाला की थांबायचं असं वाचलं होतं.

ह्यूस्टनवाली
चपट्या प्रायमरवर विसंबू नका. खांदा जास्त मागे गेला असेल तर हलक्या चार्जलाही प्रायमर चपटा होतो, आणि काही प्रायमर कमाल दाबालाही गोलच राहतात. बोल्ट उचलायला जड झाला, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या पिनेचा) चकचकीत गोल ठसा उमटला, किंवा पुढच्या वेळी प्रायमर खळग्यात सैल बसला, तर मर्यादा ओलांडलेली आहे. .३०-०६ ची दाबमर्यादा ६०,००० पीएसआय आहे आणि ही लक्षणं बहुतेकदा ती ओलांडल्यावरच दिसतात. म्हणून ती दिसेपर्यंत चढू नका.

खरा मापक क्रोनोग्राफ. फॅक्टरीच्या १८० ग्रेनला २४ इंची नळीत साधारण २७०० फूट प्रति सेकंद असतात. तुमच्या २२ इंचीत ४०-५० कमी धरा. तक्त्यात कमाल चार्जला जो वेग आहे तो नळीचा फरक वजा करून तुम्हाला आधीच मिळाला, तर कमाल दाबही तुम्ही गाठलात, मग चार्ज पुस्तकापेक्षा एक ग्रेन कमी का असेना. तिथेच थांबा. फुकटचा वेग कुठून येत नाही.

लक्षण दिसलं की उरलेली वरची काडतुसं झाडू नका. हातोडीच्या पुलरने गोळ्या काढून पावडर परत घ्या. आणि लॉट, प्रायमर, पितळ, गोळी यातलं काहीही बदललं तर पाच टक्के खाली येऊन पुन्हा चढा.

मोजमाप
काट्याबद्दल राहिलं. डिजिटल काट्यावर ग्रॅम, ग्रेन, कॅरट सगळं एकाच बटणावर असतं, धक्क्याने बदलतं. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. बसल्यावर तपासणीचं वजन ठेवा आणि दर दहा चार्जला पुन्हा ठेवा. काटा अर्धा तास आधी चालू करा, पंखा आणि एसीचा झोत बंद, मोबाइल लांब. आयएमआरचे लांब दाणे मापाच्या फिरत्या तोंडात चिरडले जातात आणि फनेलमध्ये अडकून पूल करतात. मग एका केसला कमी आणि पुढच्या केसला जास्त जाते. मापातून थोडं कमी पाडा, उरलेलं ट्रिकलरने (एकेक दाणा पाडणाऱ्या साधनाने) काट्यावर.
टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. .३०-०६ ला दुप्पट चार्ज जवळजवळ अशक्य, केस ओसंडते. पण चुकीची पावडर, विशेषतः पिस्तुलाची, रायफल फोडते. गोळी बसवण्याआधी ट्रेमधल्या सगळ्या केसेसवर टॉर्च मारून पातळी बघा. फक्त प्रायमरवर गोळी नळीत अडकली आणि त्यामागे दुसरी झाडली तर नळी गेली. आवाज फुसका आला की बोल्ट काढून नळीतून आरपार बघा. बारच उडाला नाही तर नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबा, मग उघडा.

पश्चिमउतार
तुम्ही एच-१बी वर असाल तर हेही बघा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा ॲम्युनिशन बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. अपवाद अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचा चालू शिकारपरवाना. त्या कायद्यात ॲम्युनिशनमध्ये केस, प्रायमर, गोळी आणि पावडरही येते. म्हणजे सीझन संपला, परवाना संपला, आणि कपाटात दोन पौंड पावडर राहिली, तरी अडचण. नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा. स्वतःपुरतं भरायला वेगळं लायसन्स लागत नाही, विकायला लागतं.

कोलोरॅडोत एल्कला किमान .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा हवी. .३०-०६ ला तिन्ही सहज जमतात. पुढे कॅलिफोर्नियात शिकार करणार असाल तर टीटीएसएक्सच न्या, तिथे जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंद आहे.

पावडर आणि प्रायमर विमानात नेता येत नाहीत, चेक-इनमध्येही नाहीत. आणि मुंबईला जाताना रेंजची बॅग घेऊ नका. एखादं काडतूस तळाशी राहिलं तर तिकडे शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, चुकून राहिलं असलं तरी.

सांगोलेकर
मी महाराष्ट्रातून वाचतोय. इकडे घरी भरता येतं का?

पश्चिमउतार
नाही. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो, बंदुकीच्या परवान्यात ते येत नाही. शिकार तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ने बंदच आहे. इथलं सगळं अमेरिकेपुरतं समजा.

डेन्व्हरकर
पंधरा वर्षांच्या मुलाला याच रायफलीवर सराव द्यायचा आहे, धक्का कमी हवा. आयएमआर ४३५० चा चार्ज खूप खाली आणला तर?

ह्यूस्टनवाली
तसं करू नका. संथ पावडर अर्धवट भरलेल्या केसमध्ये नीट पेटत नाही, आणि कधीकधी दाब उलट एकदम चढतो. सरावाला एच४८९५ आणा. जिथे तिचा तक्ता आहे तिथे कमाल चार्जच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली जायची परवानगी हॉजडनच देतं. हलकी गोळी, १२५ किंवा १५० ग्रेनची. हे कागदी लक्ष्यावर आणि रिकाम्या डब्यांवर झाडायला. हरणावर न्यायचं असेल तर क्रोनोग्राफचा वेग घेऊन १०० यार्डांची ऊर्जा काढा, ६० टक्क्यांना ती १००० च्या खाली जाऊ शकते. मग ७५ टक्क्यांच्या आसपास या.

डेन्व्हरकर
शेवटचं. मित्राकडे एम१ गारँड (काडतुसाच्या गॅसवर आपोआप चालणारी जुनी लष्करी रायफल) आहे, तीही .३०-०६ च. माझी एल्कची काडतुसं त्याला चालतील?

मोजमाप
चालणार नाहीत. ४३५० आणि ४८३१ संथ असल्यामुळे गोळी गॅसच्या भोकाशी पोहोचते तेव्हाही दाब जास्त असतो, आणि गारँडचा ऑपरेटिंग रॉड वाकतो. तिला ४८९५ किंवा ४०६४, १५० ग्रेनच्या आसपासची गोळी, आणि गारँडसाठी वेगळा छापलेला तक्ता. प्रायमर पातळीखाली बसलाच पाहिजे, कारण तिची फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना प्रायमरला टेकते. सीसीआय ३४ सारखा कडक प्रायमर घ्या. तुमच्या डब्यांवर "फक्त बोल्ट ॲक्शन", पावडर, लॉट, चार्ज आणि तारीख ठळक लिहा, मित्राच्या डब्याजवळ ठेवू नका.