विधेयकाला ‘सुधारणा’ की ‘दुरुस्ती’? आणि मग ‘उपसूचना’ कशाला?

मिरजकर तिकटी:
मंडळी, एक शंका. मी इथल्या एका दैनिकात मुद्रितं तपासतो. अधिवेशन सुरू झालं की मुंबई-नागपूरहून बातम्यांचा पाऊस पडतो आणि एकाच बातमीत तीन शब्द सुखानं नांदतात. मथळ्यात ‘विधेयकात दुरुस्ती’, आत ‘सुधारणा विधेयक मंजूर’, खालच्या चौकटीत ‘विरोधकांच्या उपसूचना फेटाळल्या’. वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही की जुना कायदा बदलला, नवा आला, की आलेल्या विधेयकातच सभागृहानं काहीतरी फिरवलं. तिन्ही शब्दांच्या जागा वेगळ्या आहेत का? घरी वडिलांना विचारलं, तर म्हणाले, “आधी बिल जमा झालं का बघ.” कोल्हापुरात बिल म्हणजे उसाचं. विधिमंडळाचं बिल नंतर.

काळा कोट:
तिकटीकर, गोंधळ शब्दांचा कमी आणि विभक्तीचा जास्त आहे.

अमलात असलेला अधिनियम बदलायचा म्हणून सरकार जे विधेयक आणतं, त्याच्या नावातच कंसात ‘सुधारणा’ असतं. तुमच्याच गावाला लागू पडणारं उदाहरण घ्या: ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ (तिसरी सुधारणा) विधेयक, २०२१’. शिवाजी विद्यापीठात तेव्हा यावर बरीच चर्चा झाली होती, आणि पुढं सरकार बदलल्यावर ते मागं घेतलं गेलं. आता हेच विधेयक सभागृहापुढं असताना एखादा सदस्य उठून म्हणाला की खंड ४ मधला अमुक मजकूर वगळा, तर तीही सुधारणाच. म्हणजे ‘सुधारणा विधेयकाला सुधारणा’ हे वाक्य नियमाप्रमाणं बिनचूक आहे, फक्त वाचवत नाही.

मी अशिलांना समजावताना ‘अधिनियमात सुधारणा’ आणि ‘विधेयकाला सुधारणा’ असं म्हणतो. ‘-त’ लागला की कायदा बदलतोय, ‘-ला’ लागला की अजून मसुद्यावरच झटापट चालू आहे. मथळा करणाऱ्यांनी एवढं पाळलं तरी पुष्कळ.

दुसरी खूण याहून पक्की. विधेयकात असतात ते खंड. तेच विधेयक संमत होऊन, राज्यपालांची अनुमती मिळून अधिनियम झालं की त्याच खंडांची कलमं होतात. ‘कलम ४ ला विरोधकांची सुधारणा’ असं छापलं तर ते बहुधा चुकलेलंच असतं, कारण सभागृहात त्या दिवशी कलम नसतंच. (कलमाच्या पोटातही (अ), (ब) असे खंड असतात, ते वेगळे. त्यात अडकू नका.)

आणि ‘तिसरी सुधारणा’ म्हणजे त्या कायद्यात आजवर तीनच बदल झाले असं नव्हे. त्या वर्षातलं तिसरं सुधारणा विधेयक, इतकंच. संविधानाचं मात्र उलटं आहे. तिथं १९५१ पासून सलग मोजणी चालू आहे आणि २०२३ मध्ये ती १०६ वर गेली.

पंचगंगाकाठ:
‘सुधारणा’ या शब्दाबद्दल माझी तक्रार जुनी आहे. सुधारणा म्हटलं की काहीतरी बरं झालं असं आधीच ठरून जातं. सरकारनं हक्क काढून घेतला तरी ती सुधारणाच! ‘दुरुस्ती’ म्हटलं तर उलटं, आधीचं मोडलेलं होतं असं कबूल केल्यासारखं होतं. साधा ‘बदल’ का नको?

सचिव मजकूर:
ताई, बदल हा शब्द कागदावर चालत नाही, कारण बदलाला हद्द नसते. मी दूध संस्थेत सचिव म्हणून नोकरी काढली आणि आमच्याकडं या सगळ्याला एकच नाव: पोटनियम दुरुस्ती. वार्षिक सभेच्या अहवालात मागच्या पानांवर तक्ता असतो, बघितला असेल. पहिल्या रकान्यात सध्याचा पोटनियम, दुसऱ्यात दुरुस्ती करावयाचा मजकूर, तिसऱ्यात दुरुस्तीनंतरचा पोटनियम, शेवटी कारण. बारीक टायपात. सभासद तेवढं पान उलटून थेट फरकबिलाच्या आकड्यावर जातो, आणि व्यासपीठावरनं ‘विषय क्रमांक सात’ म्हणायच्या आत मागनं ‘मंजूर, मंजूर’ सुरू. समोरची बाजू ‘नामंजूर’ म्हणत उठली की मग माईक कोणाच्या हातात आहे यावर लोकशाही ठरते.

पण ते पान वाचावं. चार रकाने समोरासमोर असल्यानं काय गेलं, काय आलं ते कुणालाही दिसतं. विधानसभेच्या विधेयकात नुसतं ‘या मजकुराऐवजी हा मजकूर’ असतं. मूळ अधिनियम शेजारी उघडून ठेवल्याशिवाय काही उलगडत नाही.

आणि सभेनं मंजूर केलं म्हणून दुरुस्ती लागू होत नाही हेही लोक विसरतात. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ प्रमाणं निबंधकानं नोंदवल्याशिवाय ती विधिग्राह्य नाही. विधिमंडळात राज्यपाल, आमच्यात निबंधक.

उपसूचनेचं तेवढं सांगतो. ठराव मांडला, कुणीतरी म्हणालं ‘तारीख बदलून मंजूर करावा’, तर ती उपसूचना. तिलाही सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि मतं घ्यायची वेळ आली तर आधी उपसूचनेवर, मग मूळ ठरावावर. महापालिकेच्या सभेतही ‘उपसूचनेसह ठराव मंजूर’ हेच ऐकत आलो. म्हणजे उपसूचना ठरावाला. विधेयकाला उपसूचना म्हणणारे वार्ताहर महापालिका कव्हर करून विधानभवनात गेलेले असणार!

काळा कोट:
सचिवसाहेब, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. विधेयकाच्या छापील कागदावर ‘सुधारणा’ असते, आमदार भाषणात सरळ ‘अमेंडमेंट’ म्हणतात, आणि बातमीत त्याची उपसूचना होते. अर्थसंकल्पी मागण्यांवर मात्र ‘कपात सूचना’ असते. तिला सुधारणा म्हणू नका.

पंचगंगाताई, तुमच्या तक्रारीला माझं उत्तर असं की नावापेक्षा क्रियापद बघा. काय झालं ते क्रियापद सांगतं. सुधारणा विधेयकात नेहमी येतात ती इतकीच:

‘…या मजकुराऐवजी, …हा मजकूर दाखल करण्यात येईल’ — जुनं गेलं, त्या जागी नवं बसलं.
‘…नंतर, पुढील पोटकलम समाविष्ट करण्यात येईल’ — जुनं शाबूत, मध्ये नवं घुसलं.
‘…जादा दाखल करण्यात येईल’ — शेवटी शेपूट जोडलं.
‘…हा मजकूर वगळण्यात येईल’ — गेलं.

आणि अख्खा अधिनियमच गेला तर ‘निरसन’. त्याच्या शेजारी ‘व्यावृत्ती’ असते, म्हणजे जुन्या कायद्याखाली जे करून झालंय ते वाचवण्याची तरतूद. अशील ‘निरसन’ वाचून ‘शंकानिरसन’ समजतात, आणि एका अर्थी शंका कायमची मिटतेच म्हणा.

यात ‘दाखल’ हा शब्द फसवा आहे. नवख्याला वाटतं काहीतरी भर पडली. मागं ‘ऐवजी’ आहे का ते पाहायचं. ‘ऐवजी’ असेल तर काहीतरी काढलंय, आणि काय काढलं ते शोधणं हेच वकिलाचं काम.

पंचगंगाकाठ:
हे पटलं. पण क्रियापद वाचूनही सुधारणेचं वजन कळेलच असं नाही. जनसुरक्षा विधेयक आठवा. जुलै २०२४ मध्ये मांडलं, डिसेंबरात पुन्हा, मग दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं गेलं. लोकांकडून बारा हजारांवर सूचना आल्या. समितीनं सुचवलेले बदल मोजके होते, पण त्यातला एक विधेयकाच्या विस्तृत नावातला. आधी ‘व्यक्ती व संघटना’ यांच्या बेकायदेशीर कृत्यांबद्दल होतं, नंतर रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या व तत्सम संघटनांकडं वळला. दुसरा बदल तपास अधिकाऱ्याच्या दर्जाचा, उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक. कागदावर दोन्ही ‘ऐवजी… दाखल’. पण पहिल्यावर महाराष्ट्रभर वाद झाला आणि दुसऱ्यावर कुणी चहाच्या टपरीवरही बोललं नाही. १० जुलै २०२५ ला विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी परिषदेत ते संमत झालं.

यात आणखी एक शब्द लोक गाळतात: ‘सूचना’. नागरिक पाठवतात त्या सूचना व हरकती. समिती अहवालात मांडते त्याही सुचवलेल्या सुधारणा. सभागृह मान्य करतं तेव्हाच विधेयक बदलतं. ‘बारा हजार दुरुस्त्या’ असा मथळा कुणी केला असेल तर त्याला सचिवांच्या सभेत मागच्या रांगेत बसवा.

मिरजकर तिकटी:
आम्ही नाही केला हो! पण परिषदेचं काय? ‘परिषदेनं विधेयकात दुरुस्ती सुचवली’ आणि ‘परिषदेनं शिफारस केली’ असं दोन्ही येतं. सारखंच ना?

काळा कोट:
सारखं नाही. साध्या विधेयकाला विधान परिषद सुधारणा करू शकते. विधानसभेला ती मान्य नसली तर विधानसभा ते पुन्हा संमत करून पाठवते. पहिल्या खेपेला परिषदेकडं तीन महिने, दुसऱ्या खेपेला एक महिना, त्यानंतर विधानसभेचंच चालतं. संसदेत असते तशी संयुक्त बैठक राज्यात नाही. धन विधेयकाला (म्हणजे फक्त कर, सरकारी कर्ज-खर्च अशा पैशाच्या बाबींचं विधेयक) मात्र परिषद सुधारणा करूच शकत नाही, फक्त ‘शिफारशी’ करते, आणि त्याही १४ दिवसांत. अनुच्छेद १९८. तिथं ‘दुरुस्ती’ छापलं तर नुसता शब्द नव्हे, माहितीच चुकते.

राज्यपालांचं तिसरंच. धन विधेयक नसेल तर ते ‘संदेशा’सह परत पाठवू शकतात आणि अमुक सुधारणांचा विचार करा असं कळवू शकतात. सुधारणा करायची की नाही ते सभागृह ठरवणार.

खडीसाखर:
१४ दिवस?? उसाचं बिलपण गाळपाला गेल्यापासनं १४ दिवसांत द्यायचंय, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिवलंय. परिषद पाळत असंल, बाकीच्यांचं काय बोलायचं नगा. तिकटीकर, वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मिरजकर तिकटी:
सांगतो, भावा.
बरं, मग ‘घटनादुरुस्ती’ चूक का? सगळे तेच म्हणतात.

काळा कोट:
चूक कशाला? रुळलेला शब्द आहे, ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती म्हटल्याशिवाय पंचायतीत आणि पालिकेत पान हलत नाही. अधिकृत मराठी पाठात मात्र ‘संविधान (बेचाळिसावी सुधारणा) अधिनियम, १९७६’ असंच आहे. बातमीत घटनादुरुस्ती लिहा, अधिनियमाचं पूर्ण नाव देताना सुधारणा. तसं पाहिलं तर ‘दुरुस्ती’ शब्द मी लेखनदोषासाठी राखून ठेवीन. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदार सातबाऱ्यावरची हस्तदोषाची चूक काढतो ती दुरुस्ती. शासन निर्णयात टंकनाची चूक झाली तर शुद्धिपत्रक निघतं. आणि हक्कच बदलला तर तलाठी फेरफार घालतो. गावकामगारांकडं या तीन गोष्टींना तीन शब्द आहेत आणि ते कधी गल्लत करत नाहीत.

सचिव मजकूर:
वकीलसाहेब, राखून ठेवा म्हणून राहत नाही. सहकारात ९७वी घटनादुरुस्ती आली, राज्याचा कायदा २०१३ मध्ये बदलला, तेव्हा प्रत्येक संस्थेला पोटनियम दुरुस्ती करावी लागली. ‘क्रियाशील सदस्य’ हा शब्द त्या तक्त्यात पहिल्यांदा आला आणि गावात लोक विचारायला लागले, मी काय निष्क्रिय आहे व्हय? तीन पिढ्या ज्यांच्या घरातनं दूध येतंय त्यांना कागदावर क्रियाशील ठरवायचं होतं. पुढं २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं ती घटनादुरुस्ती राज्याच्या सहकारी संस्थांपुरती रद्द केली, कारण निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचं अनुसमर्थन घेतलं नव्हतं. तोवर आमच्या दप्तरात ‘दुरुस्ती’ पक्की बसलेली. सहकाराच्या बातमीत ‘पोटनियम सुधारणा’ लिहिलंत तर इथला सभासद विचारील, कुठली नवी योजना आली?

पंचगंगाकाठ:
म्हणजे शब्द खात्याप्रमाणं. संस्थान काळात हा प्रश्नच नव्हता, महाराजांचा हुकूम निघायचा आणि बदलायचा तर दुसरा हुकूम. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा, नोकरीत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूमही करवीर सरकारच्या गॅझेटात छापून आला तो हुकूम म्हणूनच.

मिरजकर तिकटी:
मी आमच्या टेबलासाठी असं लिहून घेतो: कायद्याच्या नावात सुधारणा. सभागृहात विधेयकाला सुचवलेली तीही सुधारणा, पण खंड क्रमांकासह. घटना आणि पोटनियम यांना दुरुस्ती. ठरावाला उपसूचना. धन विधेयकावर परिषदेची शिफारस. चालेल?

एक राहिलं. सहकारी निवडणूक प्राधिकरणाचं कलम काही बातम्यांत ‘७३ सीबी’ असतं, काहींत ‘७३कब’. कुठलं ठेवू?

काळा कोट:
‘७३कब’ ठेवा. सहकार कायद्याच्या मराठी पाठात अ, ब, क म्हणजे ए, बी, सी. पण हीच सवय संविधानाला लावू नका. पाठ्यपुस्तकात पहिल्या पानांवर मूलभूत कर्तव्यांचा ‘अनुच्छेद ५१ क’ असतो, तिथला क म्हणजे ए. क दोन्हीकडं तोच, त्यामागचं इंग्रजी अक्षर वेगळं. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून मुंबईचे वकील इथं येतात, त्यांच्यासमोर मी कलम इंग्रजी अक्षरानंच उच्चारतो आणि मराठी कागदावर नजर ठेवतो.