कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया : एंडोस्कोप की सूक्ष्मदर्शक?

शल्यार्थी (मूळ मत)
कानाच्या पडद्याला भोक पडले असेल आणि आजार मध्यकर्णापुरताच असेल, तर एंडोस्कोपलाच, म्हणजे कानात घालून आतले चित्र मॉनिटरवर दाखवणाऱ्या बारीक दुर्बिणीलाच, पहिली पसंती द्यावी, असे माझे मत आहे. सूक्ष्मदर्शकाची नजर बाहेरून, कर्णनलिकेच्या अरुंद भागातून सरळ रेषेतच आत जाते. त्यामुळे नलिकेची पुढची भिंत फुगीर असली, की भोकाची पुढची कड दिसत नाही आणि मग कानामागे छेद घ्यावा लागतो, वेळप्रसंगी हाडही घासावे लागते. एंडोस्कोपचे भिंग तो अरुंद भाग ओलांडून आत पोहोचते. सायनस टिम्पनाय हा चेहऱ्याच्या नसेच्या आतल्या बाजूचा खळगा ३० किंवा ४५ अंशांत तिरके पाहणाऱ्या भिंगातून बराचसा न्याहाळता येतो, आणि कोलेस्टेटोमाचे (मध्यकर्णात वाढत जाऊन हाड झिजवणाऱ्या त्वचेच्या गाठीचे) अवशेष अनेकदा अशाच कोपऱ्यांत मागे राहतात.

जुना कानवाला
नजर पोहोचली तिथे हत्यार पोहोचतेच असे नाही. एंडोस्कोप धरण्यात एक हात अडकतो आणि रक्त ओढण्यापासून रिकिबीवरची (मध्यकर्णातल्या चिमुकल्या हाडावरची) कोलेस्टेटोमाची त्वचा सोडवण्यापर्यंत सगळे उरलेल्या हाताने करावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली एका हातात सक्शन आणि दुसऱ्यात हत्यार असते. शिवाय दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यामुळे खोलीचा जो अंदाज येतो, तो मॉनिटरच्या सपाट चित्रात येत नाही. वुलस्टाइन आणि त्सॉलनर या जर्मन कानतज्ज्ञांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी टिम्पॅनोप्लास्टीचा, म्हणजे पडदा व मध्यकर्ण दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेचा, पाया घातला, तो सूक्ष्मदर्शकाच्याच बळावर.

भूलतज्ज्ञ
रक्ताचा मुद्दा निम्मा आमच्याकडचा आहे. डोके थोडे उंच ठेवले, रक्तदाब आणि नाडी आटोक्यात ठेवली आणि ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन नीट दिले, तर एका हाताने काम करणे पुष्कळ सुसह्य होते. मात्र एंडोस्कोपच्या टोकाशी उष्णता साठते, म्हणून प्रकाश कमी ठेवून भिंग अधूनमधून बाहेर काढायला हवे. हे घाईत विसरले जाते.

शल्यार्थी
उष्णतेची सूचना मान्य आहे. खोलीचा अंदाज मात्र भिंग पुढे-मागे हलवून, सरावाने येतो. नवा पडदा जुळून भोक बुजण्याचे प्रमाण दोन्ही पद्धतींत साधारण सारखेच असल्याचे तुलनात्मक अभ्यास सांगतात. मग कानामागचा छेद आणि त्याचे दुखणे रुग्णाने कशासाठी सोसायचे? नाकाच्या शस्त्रक्रियेसाठीचा ४ मिमीचा एंडोस्कोप बहुतेक कान-नाक-घसा विभागांत असतोच, त्यामुळे वेगळी खरेदीही फारशी लागत नाही.

जुना कानवाला
लहान मुलाच्या अरुंद नलिकेत तोच ४ मिमीचा एंडोस्कोप गेल्यावर हत्याराला जागा किती उरते, हेही सांगायला हवे होते. साध्या भोकासाठी तुमची पद्धत मी नाकारत नाही. कोलेस्टेटोमाचे तसे नाही: तो कानामागच्या मॅस्टॉइड हाडात कुठवर शिरला आहे हे सीटी स्कॅनवर नेहमीच नेमके कळत नाही, आणि ड्रिल सुरू झाले की पाणी व हाडाचा भुगा भिंगावर उडून दिसेनासे होते. त्या क्षणी सूक्ष्मदर्शक शेजारी तयार हवा आणि तो वापरण्याची सवयही हवी; केवळ एंडोस्कोपवर शिकलेल्या शल्यचिकित्सकाने अशा कानाला हात घालू नये.