मदत हवी आहे: निफाडच्या थंडीबाबत जीएफएस आणि युरोपियन मॉडेलचं जुळत नाही

मंडळी, पाच दिवसांनंतरच्या पहाटेसाठी जीएफएस (अमेरिकेचं हवामान मॉडेल) निफाडला ५ अंश दाखवतंय, तर युरोपियन मॉडेल ९. द्राक्षमण्यांत पाणी उतरत असताना हा फरक फार मोठा आहे. शेकोट्यांचं सरपण आणि पहाटेचं पाणी त्यावरच ठरतं.

तुलनेसाठी दोन्हींचे सकाळी ५.३० चेच रन (त्या वेळच्या स्थितीपासून मॉडेलने काढलेले अंदाज) घेतलेत. शिळा रन ताज्याशी ताडला की फरक फसवा निघतो. पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारी ढगाळ हवामानाची प्रणाली) दोन्हींत आहे, पण जीएफएस तो लवकर पूर्वेला सरकवतं, त्यामुळे मागचे कोरडे उत्तरेचे वारे नाशिकपर्यंत येतात. युरोपियनमध्ये ढग रेंगाळतात आणि रात्री जमिनीची उष्णता निसटत नाही. त्याच्या एन्सेम्बलमध्येही (सुरुवातीची स्थिती किंचित बदलून काढलेल्या अनेक अंदाजांत) ६ ते ११ असा पसारा आहे, म्हणजे ९ हा आकडा पक्का नाहीच.

आणखी एक अडचण: जीएफएसची चौकट (मॉडेल जमीन ज्या तुकड्यांत विभागतं तो एक तुकडा) साधारण १३ किमीची, युरोपियनची ९. गोदाकाठच्या खोलगट भागात निवांत रात्री साठणारी थंड हवा दोन्हींना नीट दिसत नाही.

अशा वेळी तुम्ही मॉडेलच्या जमिनीपासून दोन मीटरवरच्या तापमानापेक्षा दवबिंदू, वारा आणि ढगांना जास्त वजन देता का? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नोंदी आणि मॉडेलचे आकडे यांतला फरक कोणी हिवाळाभर लिहून ठेवला असेल, तर निरभ्र आणि ढगाळ रात्रींचा वेगवेगळा सांगा. एकत्र सरासरीचा इथे उपयोग नाही.