मदत हवी आहे: अलोनिसॉसचं बुडालेलं जहाज बघायचंय (तातडीने)

दर्यावेडा: सप्टेंबरात ग्रीसला जातोय. अलोनिसॉस बेटाशेजारी पेरिस्तेरा बेटापाशी जे प्राचीन जहाज बुडालंय ते बघायचंच आहे. तिथल्या एका डायव्ह सेंटरला मेल केला, तर "तुमच्या कार्डावर जमणार नाही" एवढंच उत्तर आलं. असं कसं? तिकिटं काढून झालीत. कुणी गेलंय का? लवकर सांगा.

निळाई: कार्ड कुठलं आहे?

दर्यावेडा: स्कूबाचं! अंदमानात हॅवलॉकला रीतसर कोर्स केलाय.

भटकभवानी: सँटोरिनीला जा हो, सूर्यास्त बघा. हॉटेल आतापासूनच बुक करा, नंतर भाव दुप्पट होतात.

निळाई: दर्यावेडा, कोर्स ओपन वॉटर की ॲडव्हान्स्ड? सगळं त्यावरच अडलंय.

दर्यावेडा: ओपन वॉटर. फरक काय पडतो?

निळाई: ओपन वॉटर हा पहिला कोर्स, त्याची मर्यादा १८ मीटर खोली; त्याहून खोल जायला ॲडव्हान्स्ड लागतं. पेरिस्तेराचा अवशेषांचा ढीग साधारण २१ मीटरला सुरू होतो आणि २८ पर्यंत उतरतो. जहाज इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरचं. लाकूड केव्हाच किड्यांनी खाल्लंय, उरलेत ते दारूचे रांजण, तीन-चार हजार. जहाज जसं तळाला टेकलं त्याच आकारात रचलेले. ते बघायला मिळावं असं मलाही मनापासून वाटतं, पण त्या सेंटरचं बरोबर आहे.

कोलंबस_कोथरूड: तीन मीटरने काय होतं! चांगला इन्स्ट्रक्टर गाठा, नेईल तो. मी इजिप्तला असाच खोल गेलोय.

सागर_मालवण: कोलंबस, असले सल्ले देऊ नका. खोलीवर हवा झपाट्याने संपते, नायट्रोजनची गुंगी चढते, आणि माणसाला ते कळतही नाही. शिवाय ही जागा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. २०२० साली हौशी पाणबुड्यांना खुली झाली ती परवानाधारक सेंटरच्या गाईडबरोबरच. दर्यावेडा, इकडे तारकर्लीला या, मस्त सोय आहे.

निळाई: सागरदादा, सप्टेंबरात तारकर्ली? पावसाळ्यात समुद्र बंद असतो.

सागर_मालवण: दिवाळीनंतर म्हणत होतो.

इतिहासप्रेमी: खरं जहाज बघायचं तर ब्रिटानिक! टायटॅनिकचं भावंड, २१ नोव्हेंबर १९१६ रोजी केआ बेटाजवळ सुरुंगाने बुडालं. फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तोने १९७५ साली शोधलं.

निळाई: ते १२० मीटरवर आहे हो. तिथे मिश्र वायू घेऊन उतरणारे तांत्रिक डायव्हर जातात. ज्यांना २१ मीटर जमत नाही त्यांना १२० सुचवू नका.

इतिहासप्रेमी: माहिती द्यायची नाही का मग?

दर्यावेडा: भांडू नका, प्लीज. ॲडव्हान्स्ड पुण्यात होईल का? स्विमिंग पूल जवळच आहे.

निळाई: नाही. कोर्समध्ये पाच डायव्ह असतात, त्यातला एक खोल आणि एक दिशाज्ञानाचा सक्तीचा. खोलचा डायव्ह १८ मीटरच्या पुढचा, तो पुलात होणार कसा? बेटावरच दोन-तीन दिवस आधी पोहोचा आणि तिथेच कोर्स करा. मेलमध्ये विचारा, "ॲडव्हान्स्ड आणि पेरिस्तेरा एकत्र होईल का?" आणि किती डायव्ह झालेत ते लिहा. लॉगबुक, म्हणजे डायव्हची नोंदवही, सोबत ठेवा.

दर्यावेडा: हे आधी सांगायला हवं होतं! मेल टाकतो. बायको डायव्ह करत नाही, ती काय करेल?

निळाई: बेटावर माहिती केंद्र आहे, तिथे व्हीआर (आभासी वास्तव) चष्म्यातून हेच जहाज दिसतं. दोघांनीही आधी ते बघा, खाली गेल्यावर काय बघतोय ते कळेल.

भटकभवानी: आणि अलोनिसॉसचा चीज पाय खायला विसरू नका!

सागर_मालवण: अलोनिसॉसला विमानतळ नाही. स्कियाथोसला उतरा नाहीतर व्होलोसहून बोट घ्या. अनेक डायव्ह केले तर शेवटच्या डायव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. परतीचं विमान कधीचं आहे? ते तुम्ही अजून सांगितलं नाहीत.